आक्काच्या छातीत काय होतं

आक्का, तुझा रिपोर्ट मी तुला दाखवला नाही. दोन पानांचा होता. संभाजीनगरहून परत येताना तो मी शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवला होता आणि तू शेजारी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपली होतीस. घामानं त्याचा एक कोपरा भिजला. तुला मी सांगितलं, कफ आहे, थोडा बीपी आहे, रोज एक गोळी घ्यायची. रिपोर्टात लिहिलं होतं की तुझ्या हृदयातून वर निघणारी महाधमनी, जी साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद असायला हवी, ती चार पूर्णांक आठ झाली आहे. त्यानंतर तू अकरा महिने जगलीस. तुझ्या छातीत काय आहे हे मला ठाऊक होतं, तुला नव्हतं.

मी बीडच्या कोर्टात नक्कल विभागात बसतो. लोक आपल्याच खटल्याच्या कागदांसाठी अर्ज करतात, मी नक्कल काढतो, शिक्का मारतो, सही घेऊन देतो. कोणाचा कागद कोणापासून अडवायचा नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तुझा कागद मात्र मी घरी कपाटात, स्वेटरांच्या खाली घडी घालून ठेवला.

आणि हे एवढंच नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं की हे रक्तातून येतं, लेकराचीही तपासणी करा. तुझ्या यशूला मी तेही सांगितलं नाही. तू होतीस तोवर नाही आणि तू गेल्यावरही पाच आठवडे नाही. ती रोज सकाळी पोलीस भरतीच्या मैदानावर चार किलोचा लोखंडी गोळा फेकत होती आणि मी कुंपणाच्या बाहेर गाडी उभी करून बघत होतो. हे सगळं तुला सांगायला बसलोय.

हल्ली रविवारी दुपारी डोळा लागला की तू येतेस. दार वाजत नाही. उंबऱ्यात थोडं वाकून आत येतेस, जशी कायम यायचीस, कारण आपल्या उमापूरच्या घराच्या चौकटी तुझ्यासाठी केलेल्या नव्हत्या. बाहेर ऊन पांढरं पडलेलं असतं. कापसाचा एखादा पुंजका हवेत तरंगत येतो, खाली पडत नाही, वरही जात नाही. खुंटीवरचा फडका घेतेस आणि खोलीत नसलेला फळा पुसायला लागतेस. तुझे हात लांब, फार लांब, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचतात. मी म्हणतो, आक्का, बस. तू म्हणतेस, थांब रे, पुढचा तास विज्ञानाचा हाय. आणि मी जागा होतो तेव्हा तोंडात खडूची चव असते. खरंच असते.

तुझ्या उंचीची आपल्याला मौज वाटायची. तू स्टूल न घेता बल्ब बदलायचीस. शाळेत सहावीतल्या कोणत्या तरी आगाऊ पोरानं विचारलं होतं, "बाई, तुमी लाइटीच्या खांबाएवढ्या कावून?" आणि तू म्हणाली होतीस, "तुमचे कान वरून धरायला सोपं जावं म्हणून." घरी येऊन सांगताना तूच जास्त हसलीस. मी लहान असताना रडायला लागलो की तू अंगठा आत घालून मूठ मिटायचीस. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूनं बाहेर डोकवायचं. "बघ संजू, कासव." मी ते डोकं दाबायचो, ते आत जायचं, परत यायचं. माझ्या मुठीतून कासव कधी निघालं नाही. मला वाटायचं, मोठं झाल्यावर निघेल.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुला तेच करायला लावलं. खोकला जात नव्हता म्हणून बीडला छातीचा फोटो काढला, त्यात हृदयाच्या वर सावली रुंद दिसली, तिथून इको, तिथून सीटी स्कॅन आणि मग हे डॉक्टर. त्यांनी तुझा जाड भिंगांचा चष्मा बघितला, हात पसरायला लावले, मग म्हणाले, अंगठा आत घालून मूठ मिटा. तू हसत मिटलीस. कासवानं डोकं बाहेर काढलं. डॉक्टर हसले नाहीत.

तुला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं नव्हतं, आक्का. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो. ते म्हणाले, "रिपोर्ट आले की दोघंही आत या." रिपोर्ट मी आणायला गेलो, परत आलो तेव्हा तू बाकावर कुठल्या तरी अनोळखी बाईला पेरूची फोड देत होतीस, वरून मीठ टाकून. मी तुला हाक मारली नाही. एकटाच आत गेलो.

त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी आधी सरळ वर चढते आणि मग छत्रीच्या मुठीसारखी वळून खाली उतरते. ही जी सरळ चढणारी नळी, तिची भिंत काही माणसांत जन्मापासून विणीला कच्ची असते. उंच, हाडापेरानं लांब, बोटं लांब, नजर अधू, अशी ही माणसं. दर ठोक्याला रक्त त्या भिंतीवर आदळतं आणि वर्षानुवर्षांनी ती फुगत जाते. दुखत नाही. काहीच कळत नाही. मग एखाद्या दिवशी आतला थर फाटतो आणि रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरतं. तेव्हा छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ येते आणि मग हातात फक्त काही तास असतात.

"पण तोवर जायचंच नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळीनं बीपी आणि ठोके आवाक्यात ठेवायचे. जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही. सहा महिन्यांनी परत मोजायचं. बाईंच्या अंगकाठीला पाचपर्यंत गेलं की ऑपरेशन, तेवढा तुकडा काढून विणलेली कापडी नळी बसवायची. ठरवून केलं तर बहुतेक लोक बरे होऊन कामाला लागतात. कळ आली तर मात्र घरी थांबायचं नाही. हे त्यांना नीट समजायला हवं. बोलवा त्यांना आत."

मी म्हणालो, "घरी जाऊन मी सांगतो सर. बहीण आहे, माझ्या तोंडून ऐकेल."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "नक्की?"

"नक्की."

बाहेर आलो. तू पेरूचं बी दातातून काढत विचारलंस, "काय म्हणले?"

"काही नाही. कफ."

"एवढ्या लांब कफासाठी आणलं व्हय मला? तुझे पण लाड आहेत."

आणि मी हसलो. आक्का, मी हसलो.

कशासाठी? यशूचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, एक महिन्यावर होतं. पहिलीच भरती. भाऊजी गेल्यापासून तुम्ही दोघीच एकमेकींना, तुझा चेहरा उतरला तर तिचं पळणं उतरेल, असं मी स्वतःला समजावलं. ग्राउंड झालं की सांगू. ग्राउंड झालं, तिला दीड मार्क कमी पडले, दोघी रडलात. अशा वेळी कसं सांगायचं? मग दिवाळी आली. मग तुझ्या शाळेचं विज्ञान प्रदर्शन. जानेवारीत तुझा वाढदिवस झाला आणि तू म्हणालीस, आता खोकला पार गेला बघ. सहा महिन्यांची मोजणी आली तेव्हा मी म्हणालो, चल, कफ तपासून येऊ. तू म्हणालीस, "नसलेला कफ काय तपासायचा? माझ्या पोरांची परीक्षा हाय." एका खोट्यानं पुढचा रस्ता असा बंद केला. उन्हाळ्यात तू गोळीही सोडलीस. बीपी बरा आहे म्हणालीस. मी म्हणालो, घेत जा. तू म्हणालीस, घेते. ती पाकिटं परवा तुझ्या डब्यात मिळाली, सगळी न उघडलेली.

आईच्या वेळचं आपलं भांडण संपलंच नाही. आईच्या पोटात काय आहे ते तिला सांगायचं नाही, असं मी आणि काकांनी ठरवलं. तू एकटी विरोधात होतीस. आई खाटेवर पडून विचारायची, "मला झालंय तरी काय, सांगा की कुणी." आणि आपण सगळे तिच्या पायाकडे बघायचो. अल्सर, अल्सर म्हणत तिला शेवटपर्यंत नेलं आपण. ती गेली त्या संध्याकाळी तू विहिरीपाशी मला धरलंस. "संजू, ती मरायला घाबरत नव्हती. आपण सगळे काही तरी लपवतोय, याला घाबरत होती. शेवटचे चार महिने तिला आपल्यातलं कुणीच खरं भेटलं न्हाई." मी म्हणालो, तू शिकलेली आहेस म्हणून बोलतेस. त्यावर तू म्हणालीस, "माझ्या बाबतीत असं केलंस ना, तर बघ." पुढे काय करशील ते सांगितलं नाहीस. मला वाटतं, आता दर रविवारी दुपारी येतेस, तेच ते.

जिनं पंचवीस वर्षं पोरांना हृदयाचे चार कप्पे शिकवले, तिला तिचंच हृदय मी दाखवलं नाही. मी एकदा तुझा तास खिडकीतून बघितला होता. गेवराईला कामाला आलो होतो, तुला घ्यायला शाळेत आलो. फळ्यावर तू लाल आणि निळ्या खडूनं हृदय काढलं होतंस, एवढं मोठं की वरची कमान काढायला दुसऱ्या बाईंना स्टूल लागलं असतं. पोरं एका सुरात म्हणत होती, डाव्या खालच्या कप्प्यातून निघते ती महाधमनी, ती सगळ्या अंगाला रक्त देते. तू लाल खडू उचलून तो बाण वर वर नेलास. खिडकीतून उन्हाचा पट्टा तुझ्या छातीवर पडला होता आणि त्यात खडूची धूळ फिरत होती. स्वप्नात मला नेमकं तिथंच थांबायला मिळतं. खडू वर चढत राहतो. कमान येत नाही.

तू फोन केलास तो रविवार होता. सकाळचे साडेनऊ झाले असतील. भिंतीला चुना द्यायचा म्हणून तू लोखंडी कपाट एकटीनं सरकवलं होतंस.

"संजू, पाठीत उसण भरली बघ. दोन खांद्यांच्या मधी. वाकता येईना."

मी उभा राहिलो. "छातीत दुखलं का आधी?"

"आधी छातीत चमक आली एकदम, मग पाठीत उतरली. कपाट लई जड झालंय बाई, तुझे सगळे जुने पेपर त्यात."

"आक्का, दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता. गाडी सांग कोणाची तरी."

"उसणीला कुणी दवाखान्यात जातं व्हय? शेकते. रशीदाभाभी बसलीय इथं, वीट गरम करायला लावली तिनं."

"शेकायचं नाही! जा म्हणतो ना मी!"

तू थांबलीस. मग हळू आवाजात विचारलंस, "कावून रे? झालंय काय मला?"

आईनं विचारलं होतं तसंच. आक्का, एक वाक्य होतं. तुझी छातीतली नळी फुगलेली आहे, ती फाटली असेल, पळ. एवढंच. तू बाकीचं स्वतः समजली असतीस. रशीदाभाभीला हाताशी धरून, मिळेल त्या गाडीत बसून गेली असतीस. वाचली असतीस का, ते कोणी सांगू शकत नाही. पण अकरा महिने दाबलेलं ते वाक्य मी तेव्हाही दाबलं आणि म्हणालो, "तसं काही नाही. आता वय झालं तुझं, म्हणून म्हणतो."

तू हसलीस. "वय तुझं झालं असंल. ठेव."

मी गाडी काढली. गेवराईच्या अलीकडे रस्त्यावर उन्हाचं पाणी दिसत होतं, ते पुढे पुढे सरकत होतं आणि मी त्याच्यामागे. तिथं रशीदाभाभीचा फोन आला. तुझी शेजारीण, जिच्या भावाच्या गाड्यावरून तू डझनावारी केळी घ्यायचीस. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. ती एवढंच म्हणाली, "भय्या, बाई बोलेनात."

त्यानंतरचं सगळं मला पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. पांढऱ्या साड्या, वंदनेचे सूर, अंगणात न मावणारी तुझी पोरं, त्यातली काही आता बाप्ये झालेली. यशू मैदानावरून आली ती ट्रॅकसूटवरच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तुझ्या आठवणींच्या सभेत, मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं, हृदयविकाराच्या झटक्यानं आक्का गेली, काही करायला वेळच मिळाला नाही. लोकांनी माना हलवल्या. तुझ्या फोटोकडे बघायचं मी टाळलं.

तीन आठवड्यांनी मी संभाजीनगरला त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला, म्हणाले, फाटली असणार. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "त्यांना तुम्ही सांगितलं होतं ना?" मी टेबलाकडे बघत राहिलो. त्यांना समजलं. मग म्हणाले, "मुलीचा इको केला का?"

"करतो सर."

"हे 'करतो' मागच्या वेळचंच आहे," ते म्हणाले.

तरी मी अजून पंधरा दिवस गप्प बसलो. कारण यशूला सांगायचं तर तुला सांगितलं नव्हतं, हेही सांगावं लागणार होतं. आणि दुसऱ्या भरतीचं ग्राउंड पुन्हा महिन्यावर आलं होतं. आक्का, कारणंसुद्धा तीच होती. मी नवीन कारण शोधण्याचीही तसदी घेतली नाही.

कुंपणाबाहेरून बघायचो. ती गोळा मानेला लावायची, गाल फुगवायची, श्वास कोंडून धरायची आणि तुझा तो लांब हात सुटायचा. गोळा मातीत धप्प पडायचा. प्रत्येक वेळी तो आवाज माझ्या छातीत व्हायचा. तिच्यासोबतच्या पोरी ओरडायच्या, "जिराफ, अजून एक!" आणि ती हसून परत जायची. सकाळच्या धुळीत, सूर्य मागून असताना, लांबून ती म्हणजे तूच दिसायचीस. चोवीस वर्षांची, लग्नाआधीची. मला वाटायचं, बघत राहिलो तर काही होणार नाही. मी बघत असेपर्यंत काही होणार नाही. माणूस असा वेडा होतो.

एका मंगळवारी मी कुंपण ओलांडून आत गेलो.

"मामा? आज सकाळीच? कोर्टाला सुट्टी हाय काय?"

"गोळा खाली ठेव, यशू."

"अजून चार फेका राहिल्यात. सर ओरडतील."

"ठेव म्हणतो ना."

"कावून?"

मी सांगितलं. तिथंच, चुन्याच्या गोलाच्या बाहेर उभं राहून. आधी तिच्याबद्दल, मग तुझ्याबद्दल. वीस-एक वाक्यांत झालं. अकरा महिने आणि पाच आठवडे जे पोटात धरलं, ते इतकं लहान होतं. मी तिला मूठ मिटायला सांगितलं नाही. तिनं गोळा दोन्ही हातांत धरला होता, तिची बोटं त्याला पुरून उरत होती, मला दिसत होतंच.

तिनं गोळा हळूच मातीत ठेवला. "आईला माहीत होतं का?"

"तिला त्रास नको म्हणून मी—"

"माहीत होतं का न्हाई, एवढं सांग."

"नाही."

"ती सायन्सची बाई होती, मामा!" ती इतक्या जोरात म्हणाली की पळणाऱ्या पोरी थांबल्या. "सायन्सची! तुला चित्र काढून समजवलं असतं तिनं. तिनं कपाट सरकवलं नसतं. मी सरकवलं असतं."

"चुकलं माझं यशू. पण मी तिच्या भल्यासाठी—"

"भल्याचं नाव घेऊ नको. तुला भ्या वाटलं. तिच्या डोळ्यात बघून बोलायचं तुला भ्या वाटलं, म्हणून." मग बाटलीतलं पाणी तोंडावर मारून घेत म्हणाली, "जा आता. कोर्ट सुरू होईल तुझं."

दोन दिवस तिनं फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. "उद्या दहा वाजता इको हाय. मीच नंबर लावलाय. यायचं तर ये. आत आलास तरी बोलायचं न्हाई."

ती खोली अर्धी अंधारी होती आणि थंड. डॉक्टर मॅडम तुझ्यापेक्षा वयानं लहान असतील. पडद्यावर करडं पाणी हलत होतं. त्या पाण्यात एक झडप उघडत होती, मिटत होती, माशानं तोंड हलवावं तशी, न थकता. यशूचं हृदय. मला वाटलं, हे किती दिवसांपासून चाललंय, कोणी न बघता. तू पोटात धरलं होतंस तेव्हापासून. मॅडमनी पडद्यावर दोन ठिपके ठेवले, त्यांच्यामध्ये रेघ ओढली. यशू मान वळवून बघत होती.

"किती?" तिनं विचारलं.

"उठा आधी, मग सांगते."

"आत्ता सांगा. माझं हाय ते."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला बोलायची बंदी होती, मी यशूकडे बोट केलं. त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, "चार पॉइंट एक. असायला हवं त्यापेक्षा जास्त."

मग यशूनं प्रश्न विचारले. तू असतीस तर मान ताठ केली असतीस. तिनं त्यांना कागदावर चित्र काढायला लावलं. ऑपरेशन कधी लागतं? मॅडम म्हणाल्या, तुझ्या अंगकाठीला पाचच्या आसपास, पण किती वेगानं वाढतं तेही बघायचं. वर्षानुवर्षं एवढंच राहू शकतं. करतात काय? फुगलेला भाग काढून कापडाची नळी शिवतात.

"कापडाची? मग कापूस आमच्या उमापूरचा घ्या म्हणावं."

मॅडम हसल्या. "तो धागा वेगळा असतो गं."

"आणि भरती?"

हसू गेलं. मॅडमनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "गोळा नाही. वजन नाही. श्वास कोंडून जोर लावायचं काहीच नाही. चाल, हलका व्यायाम कर, शीक, नोकरी कर, वेळ आली की लग्न, मूल ठरवण्याआधी मला भेट. गोळी रोज, मोजणी दर वर्षी. पण ते ग्राउंड नाही."

रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिनं तो तिथंच वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत. न समजलेल्या तीन शब्दांखाली पेनानं रेघा मारल्या आणि त्यांचे अर्थ विचारून घेतले. आक्का, हे तुझंच. हे मी पुसू शकलो नाही, यासाठी कोणाचे आभार मानू? तुझेच मानतो.

बाहेर पायऱ्यांवर ती बसली. समोर रिक्षावाले ओरडत होते, रसवंतीचं घुंगरू वाजत होतं, शिकवणीला चाललेली पोरं सायकलींवरून जात होती आणि या सगळ्यात ती एकटी, लांब पाय तीन पायऱ्या खाली सोडून.

मग म्हणाली, "दोन वर्षं पळाले मी, मामा. आई घड्याळ लावून बसायची."

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो, म्हणजे तिचा चेहरा मला वर बघितल्याशिवाय दिसणार नाही. मग वर बघितलं. तुझ्या जाड भिंगांमागे असायचे तेच डोळे. आईला टाळलं, तुला टाळलं, ते डोळे.

मी म्हणालो, "यशू, मी तुझ्या आईला फसवलं. तिनं फोनवर मला विचारलं, झालंय काय मला, तेव्हाही मी खोटं बोललो. तिच्या जिवाचं तिला कळायला हवं होतं, ते मी तिच्याकडून काढून घेतलं. तुझ्याही बाबतीत मी तेच केलं. मला भीती वाटली, दुसरं कारण नव्हतं. हे माझं चुकलं. तिची माफी मला मागता येत नाही, म्हणून तुझी मागतो. मला माफ कर. केलं नाहीस तरी मी इथंच बसतो."